ग्रेडस्कोप चार सेमिस्टर वापरल्यावर: गठ्ठा तेवढाच राहतो, पण...

आधी हिशोब सांगते म्हणजे मी कुठल्या अवस्थेत पेपर तपासायच्या या सॉफ्टवेअरकडे वळले ते कळेल. १२० विद्यार्थी, एका पेपरला साधारण १२ मिनिटं, म्हणजे १४४० मिनिटं, म्हणजे बरोब्बर २४ तास. मध्ये न उठता न झोपता अख्खा एक दिवस आणि एक रात्र, आणि हा फक्त एक पेपर, सेमिस्टरला असे तीन, वर दर आठवड्याचा होमवर्क वेगळा. आणि गंमत म्हणजे हे २४ तास कुठल्याच टाइमटेबलमध्ये नसतात. लेक्चर मोजतात, प्रॅक्टिकल मोजतात, तपासणी मात्र जणू रात्री उंदीर येऊन करून जातात.

तर मी संख्याशास्त्र शिकवते, पहिल्या-दुसऱ्या वर्षाला, मोठे वर्ग. चार सेमिस्टर झाली ग्रेडस्कोप वापरतेय. पहिल्या महिन्यात याच्यावर लिहिलं असतं तर फार गोड लिहिलं असतं, दुसऱ्या सेमिस्टरला लिहिलं असतं तर वैतागून, म्हणून थांबले होते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हे पेपर तपासायचं ऑनलाइन सॉफ्टवेअर आहे. बर्कलीच्या युनिव्हर्सिटीत एआयच्या कोर्सचे पेपर तपासून पिट्टा पडलेल्या टीचिंग असिस्टंट लोकांनीच ते बनवलं, २०१४ च्या आसपास, आणि २०१८ मध्ये टर्निटिनने, तेच ते कॉपी पकडणारे, त्यांनी विकत घेतलं. ज्याने स्वतः गठ्ठे उपसलेत त्याने बनवलंय हे वापरताना जागोजागी जाणवतं. आपल्याला नेमकं कुठे दुखतं ते त्यांना माहीत होतं.

काम असं चालतं. मुलं नेहमीसारखी कागदावरच पेपर लिहितात. आपण कोऱ्या प्रश्नपत्रिकेची पीडीएफ आधी टाकायची, त्यावर नाव कुठे आणि कुठल्या प्रश्नाचं उत्तर कुठे ते चौकोन ओढून दाखवायचे, मग लिहिलेले सगळे पेपर स्कॅन करून एकगठ्ठा अपलोड करायचे. ते पेपर वेगळे करतं, नावं यादीशी जुळवायला मदत करतं, आणि मग आपण स्क्रीनवर तपासत बसायचं. होमवर्क असेल तर मुलंच फोनवर फोटो काढून टाकतात आणि कुठलं पान कुठल्या प्रश्नाचं ते नेमून देतात (म्हणजे देणं अपेक्षित असतं. दर वर्षी पहिल्या होमवर्कला निम्मी मुलं सगळी पानं पहिल्याच प्रश्नाला लावून मोकळी होतात. दोन मार्क कापेन असं एकदा वर्गात बोलले, कापले नाहीत, पण पुढच्या वेळेपासून पानं जागेवर आली.)

पहिल्या पेपरला मी स्वतःच माती खाल्ली ते सांगून टाकते. डिपार्टमेंटच्या स्कॅनरने मध्येच दोन पानं चिकटून ओढली, मी न बघता फाइल चढवली, आणि तिथून पुढे सगळ्यांचं एक एक पान सरकलं. एकाचं शेवटचं पान दुसऱ्याच्या पेपरात. मला वाटलं हा मुलगा अचानक अक्षर बदलून लिहायला लागलाय, आणि बरं लिहितोय. तीन पेपर तपासून झाल्यावर ट्यूब पेटली. तेव्हापासून २०-२० पेपरचे गठ्ठे करून स्कॅन करते, प्रत्येक फाइलची पानं मोजते, मगच अपलोड. स्टेपलर तर परीक्षा हॉलमध्येच बंद केलाय. पिना काढण्यात जो तास जातो तो कुणीच मोजत नाही.

आता खरी गोष्ट. याच्यात तपासणी विद्यार्थ्यानुसार नाही, प्रश्नानुसार होते. म्हणजे १२० जणांचा प्रश्न १, मग १२० जणांचा प्रश्न २. हे कागदावरही करता येतं, काही जुनी मंडळी करतातही, पण १२० पेपरची पानं सहा वेळा उलटायची म्हणजे मनगट जातं. इथे एक बटण दाबलं की पुढच्याचं तेच उत्तर समोर. डोक्यात एकच उत्तर, एकच सूत्र, आणि हात आपोआप चालायला लागतो. १२ मिनिटांचा पेपर साताठ मिनिटांवर आला माझा, पण खरं सांगायचं तर वेळ वाचतो हा यातला दुय्यम फायदा आहे.

मुख्य फायदा असा की माणूस तपासताना घसरतो, आणि हे त्या घसरण्याला थोडं धरून ठेवतं. कोण कबूल करत नसेल पण सगळ्यांना माहीत आहे की पहिले दहा पेपर आपण कसे तपासतो आणि नव्वदावा कसा तपासतो. पहिल्याला पायरी सोडली म्हणून मार्क कापतो, नव्वदाव्यापर्यंत उत्तर वाचता आलं याचंच कौतुक वाटायला लागतं. किंवा उलटं होतं, एखादी चूक साठाव्यांदा बघितली की राग त्या साठाव्या पोरावर निघतो, जणू आधीच्या एकोणसाठ जणांनी त्याला विचारूनच चूक केली होती. मिशिगन युनिव्हर्सिटीच्या लोकांनी कॅनव्हास या कोर्स चालवायच्या ऑनलाइन सॉफ्टवेअरवरच्या तीन कोटींहून जास्त नोंदी तपासल्या होत्या, २०२४ मध्ये ते बाहेर आलं. तिथे पेपर आपसूक आडनावाच्या अक्षरक्रमाने समोर येतात, आणि ज्यांचं आडनाव शेवटच्या अक्षरांचं त्यांना मार्क थोडे कमी पडत होते. फरक लहान, पण आडनावावरून! आणि १९१२ मध्ये स्टार्च आणि इलियट या दोघांनी इंग्रजीचे तेच दोन पेपर शंभरावर शिक्षकांना तपासायला दिले होते, त्यातल्या एका पेपरला कुणी ५० दिले कुणी ९७. शंभर वर्षांत आपण फार सुधारलोय असं मला वाटत नाही.

यावर ग्रेडस्कोपचा उपाय म्हणजे त्याचा रुब्रिक. प्रत्येक प्रश्नाच्या बाजूला एक यादी असते, 'सूत्र चुकलं, वजा २', 'आकडेमोड चुकली, वजा १', 'निष्कर्ष लिहिला नाही, वजा १' अशी. ही यादी आधीच पूर्ण बनवायची गरज नाही, तपासता तपासता नवी चूक दिसली की नवी ओळ टाकायची. तपासताना मार्क लिहायचेच नाहीत, फक्त कुठली चूक ते निवडायचं. आणि यातली जी एक गोष्ट माझ्या मते सगळ्या किमतीची आहे ती अशी की त्या ओळीचे मार्क नंतर बदलले तर आधी तपासलेल्या सगळ्या पेपरमध्ये ते आपोआप बदलतात.

हे ऐकायला अगदी साधं वाटतं ना? माझा किस्सा ऐका. नमुन्याचं व्हेरियन्स, म्हणजे आकडे किती विखुरलेत त्याचं माप, काढायचं होतं. नमुना असेल तर एन (आकड्यांची संख्या) वजा एक ने भागतात, पूर्ण समूह असेल तर एन ने. बऱ्याच जणांनी एन वजा एक ने भागायच्या जागी एन ने भागलं. मी कडक, वजा २. सदतीसाव्या पेपरला एका मुलीने समासात बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'हे सगळे आकडे म्हणजे पूर्ण समूह आहे असं मी धरलंय'. मी प्रश्न पुन्हा वाचला. आणि खरंच, माझ्या प्रश्नात 'नमुना' हा शब्द कुठेच नव्हता. मी मनात धरलेला, कागदावर लिहायचा राहिलेला. म्हणजे चूक माझी आणि मार्क गेले छत्तीस जणांतल्या निदान वीस जणांचे.

कागदाचे दिवस आठवा. अशा वेळी आपण काय करतो? दोनच रस्ते. एक तर मागचे छत्तीस पेपर पुन्हा काढायचे, लाल पेनाने खाडाखोड, टोटल पुन्हा, पहिल्या पानावरचे मार्क पुन्हा. नाहीतर स्वतःला समजवायचं की जाऊ दे, वर्गात तर सांगितलं होतं ना, कळायला पाहिजे होतं. रात्रीचे साडेबारा वाजलेले असताना कोणता रस्ता माणूस घेतो ते मला माहीत आहे, कारण मी घेतलाय, एकदा नाही. इथे मी त्या ओळीपुढे वजा २ च्या जागी ० केलं, झालं. टोटलसकट. आणि ओळ ठेवली तशीच, पुढे स्पष्टीकरण टाकलं की दोन्ही उत्तरं मान्य, पण फरक समजून घ्या. जी मुलं एन ने भागून आली होती त्या सगळ्यांना ते दिसलं.

म्हणजे मत बदलणं स्वस्त झालं. मी आधी पेपर तपासायला बसायच्या आधी तासभर मार्किंग स्कीमवर घासायचे, कारण एकदा सुरू केलं की बदलता येत नाही या भीतीने. आता पहिले पंधरा पेपर मी नुसती चुका गोळा करत जाते, कुठल्या चुकीला किती कापायचं ते नंतर ठरवते. आणि कुणी म्हणेल मार्क नंतर ठरवणं म्हणजे मुलांशी अन्याय, तर उलट आहे हो, वर्गाने एकंदर काय लिहिलंय ते बघून ठरवणं आणि पहिल्या पेपरच्या मूडवर ठरवणं यातलं न्याय्य कुठलं?

कीबोर्डवर हात बसला की मग तर मजा येते. रुब्रिकच्या ओळींना १, २, ३ असे आकडे असतात, तो आकडा दाबला की चूक लागली, झेड दाबलं की पुढचा न तपासलेला पेपर. दोन, झेड. दोन, चार, झेड. एक, झेड. माऊसला हात लावायचा नाही. टोटल करायची नाही हे तर वेगळं सांगायला नको, पण ज्यांनी टोटल चुकल्यामुळे एखाद्या मुलासमोर मान खाली घातलीय त्यांना त्याची किंमत कळेल. एक सावधगिरी मात्र, सुरुवातीला सेटिंगमध्ये बघून घ्या की मार्क वरून खाली कापत जायचेत की शून्यापासून वर द्यायचेत. आपसूक ते पूर्ण मार्कांपासून कापत जातं. मी एकदा देण्याच्या हिशोबाने ओळी लिहिल्या आणि सेटिंग कापायचं, दहा मिनिटं समजेना की चांगल्या पोरांना शून्य का पडतायत.

रिग्रेड रिक्वेस्ट, म्हणजे पुन्हा तपासायची विनंती. पूर्वी पेपर परत दिल्याच्या दिवशी माझ्या केबिनबाहेर रांग लागायची, आणि त्या रांगेत खरा प्रश्न असलेली मुलं मागे आणि अर्ध्या मार्कासाठी भांडणारी पुढे. आता मुलाला त्याचं उत्तर, कुठली ओळ लागली आणि का, सगळं दिसतं, आणि शंका असेल तर त्या एका प्रश्नावरच लिहून पाठवायची. मुदत आपण ठरवायची. लिहावं लागतं म्हटल्यावर निम्मी भांडणं आपोआप विरतात, कारण लिहिता लिहिता पोरालाच कळतं की आपलं चुकलंय. उरलेल्यांतली बरीच बरोबर असतात, हेही सांगते. माझा एक नियम आहे, मार्क लावल्यावर पहिले २४ तास रिक्वेस्ट उघडायचीच नाही, आणि मार्क रात्री लावायचेच नाहीत.

आता सगळे विचारतात तो भाग, एआय. "अगं मग तेच तपासतं ना?" नाही. याच्यात उत्तरांचे गट करायची सोय आहे, म्हणजे लहान, ठरलेल्या जागी लिहिलेली उत्तरं असतील तर एकसारखी उत्तरं ते एकत्र करून देतं, आपण गट बघून खात्री करायची आणि अख्ख्या गटाला एकदम मार्क द्यायचे. एका शब्दाची, एका आकड्याची उत्तरं असतील तर भन्नाट. १२० पैकी ८० जणांनी ०.०५ लिहिलंय तर ते ८० वेळा बघायची गरजच काय. पण पानभर रीतसर सिद्धता लिहिली असेल तर तिथे तुम्ही आणि तुमचा चष्मा. शिवाय ही सोय संस्थेने परवाना घेतला असेल तरच मिळते, एकट्याने साधं खातं उघडून नाही, हे आधी विचारून घ्या, नाहीतर अपेक्षाभंग होतो. बाकी मशीनने निबंध तपासायचं स्वप्न नवीन नाहीये, एलिस पेज नावाच्या माणसाने १९६६ मध्येच कॉम्प्युटर निबंध तपासेल म्हणून सांगितलं होतं, आणि पेन्सिलीच्या खुणा ओळखून पेपर तपासणारं आयबीएमचं मशीन तर १९३८ चं, तेही मुळात एका शाळामास्तराच्या डोक्यातून आलेलं. प्रत्येक पिढीतल्या तपासणाऱ्याने हेच मागितलंय, की देवा, हे माझ्या हातून काढून घे.

माझं मत विचाराल तर मला ते पूर्ण हातून गेलेलं नकोय. तपासताना मला कळतं की मी काय चुकीचं शिकवलं. पी-व्हॅल्यू (संख्याशास्त्रीय चाचणीतला एक आकडा) म्हणजे 'गृहीतक खरं असण्याची शक्यता' असं चुकीचं चाळीस जणांनी लिहिलं तर ती चाळीस जणांची चूक नाही, ती माझ्या एका लेक्चरची चूक आहे. ग्रेडस्कोप प्रत्येक रुब्रिक ओळ किती जणांना लागली ते दाखवतं, तो आकडा बघून मी पुढच्या आठवड्याचं लेक्चर बदलते.

पण याच ठिकाणी मला एक खुपतंय. प्रश्नानुसार तपासलं की उत्तरं कळतात, मुलं कळत नाहीत. नावं झाकायची सोय आहे, मी झाकते, त्याचा फायदा आहेच, पहिलं उत्तर सुंदर लिहिलं म्हणून तिसऱ्याला उगीच सूट मिळणं बंद होतं. पण पूर्वी पेपर सलग वाचताना दिसायचं की हा मुलगा पहिले तीन प्रश्न झकास लिहून चौथ्याला गळपटलाय, वेळ कमी पडला, की हिला सगळं येतंय पण भागाकारच येत नाही. आता मला वर्गाबद्दल खूप माहीत असतं आणि पोरांबद्दल कमी. पहिल्या सेमिस्टरच्या शेवटी एक मुलगी भेटायला आली, नाव सांगितलं, आणि मला तिचा एकही पेपर डोळ्यासमोर येईना. मी तिचे अठरा प्रश्न तपासले होते. वाईट वाटलं. यात सॉफ्टवेअरला दोष देण्यासारखं काही नाही, मीच ते तसं वापरलं. आता मार्क लावायच्या आधी दहा पेपर उघडते, काठावरचे आणि दोन-तीन असेच कुठलेही, आणि पहिल्या पानापासून शेवटापर्यंत नुसते वाचते. पाऊण तास जातो. जाऊ दे.

आणि प्रोजेक्ट रिपोर्टसाठी मी हे वापरत नाही. दोनदा प्रयत्न केला. १५ पानी लिखाणाला 'मुद्दा अस्पष्ट, वजा १' अशा ओळी लावत बसणं म्हणजे बासरीला वजनकाटा लावण्यासारखं वाटतं. तिथे माझी पद्धत जुनीच. चुका दुरुस्त करून द्यायच्या नाहीत, ज्या ओळीत चूक आहे तिच्या समोर समासात नुसती एक खूण, शोधायची त्यांनी. ही काही माझी आयडिया नाही, रिचर्ड हॅझवेल नावाच्या प्राध्यापकाने १९८३ मध्ये मांडलेली, आणि त्याच्या अनुभवात निम्म्याहून जास्त चुका मुलं स्वतःच दुरुस्त करायची. माझ्याकडेही साधारण तसंच दिसतं. खूप वेळ वाचतो आणि हातही दुखत नाही. शिवाय रिपोर्टवर आधी फक्त शेरे देते, मार्क आठवड्याने. रूथ बटलर यांचा १९८८ चा शाळेतल्या मुलांवरचा अभ्यास आहे, फक्त शेरे मिळालेली मुलं पुढच्या कामात सुधारली, आणि शेरे अधिक मार्क मिळालेली मुलं नुसते मार्क मिळालेल्यांपेक्षा काही पुढे गेली नाहीत. म्हणजे मार्क दिसले की शेरा कुणी वाचतच नाही. आणि ते शेरे लिहिण्यात आपले रात्रीचे दोन दोन वाजतात! हे वाचल्यावर मी आधी चिडले, मग हलकं वाटलं. ग्रेडस्कोपमध्ये पब्लिश केलं की मुलांना मार्क आणि शेरे बरोबरच दिसतात, म्हणून रिपोर्ट तिथे नाही.

मग घ्यावं का? तुमचा वर्ग ३० चा असेल तर नका पडू, स्कॅनिंग आणि चौकोन ओढण्यात जाईल तेवढ्या वेळात पेपर संपेल. साठच्या वर, आणि उत्तरं गणित, विज्ञान, प्रोग्रामिंग अशी असतील तर नक्की (प्रोग्रामिंगवाल्यांना कोड आपोआप चालवून तपासायची सोय आहे, ती मी वापरलेली नाही). दोघं-तिघं मिळून एक पेपर तपासत असाल तर डोळे मिटून घ्या, कारण सगळ्यांसमोर रुब्रिक एकच असतो, आणि 'जोशी सरांकडे पेपर गेला म्हणून वाचलो' हे पोरांचं बोलणं बरंच कमी होतं. इंटरनेट धड नसेल तर विसरा. डोळ्यांना त्रास असेल तर विचार करा, सलग तीन तास स्क्रीनवर पेन्सिलने लिहिलेलं फिकट अक्षर वाचणं सोपं नाही. मी आता परीक्षेच्या सूचनांत 'पेनानेच लिहा' हे ठळक टाकते.

आमच्याकडचे एक सीनियर सर अजून कागदावरच तपासतात. त्यांना दाखवलं, कौतुकाने बघितलं, म्हणाले, "छान आहे हो, पण मला कागद हाताला लागतो." मी म्हटलं, "सर, मागच्या सत्तर पेपरांत मार्क बदलायचे असतील तर?" ते म्हणाले, "मी बदलत नाही." मग थोडा वेळ गेल्यावर, दार लावता लावता म्हणाले, "पण बदलायला पाहिजे होते काही वेळा."

पुढच्या सेमिस्टरला त्यांच्या एका पेपरचे चौकोन मी ओढून देणार आहे. स्कॅनिंग त्यांनी करायचंय, पानं मोजून.